गाडी मस्त चालतेय, मग चेक इंजिनचा दिवा का? इव्हॅप लीक शोधायची गोष्ट

गाडी एकदम मस्त चालतेय, आवाज नाही, ॲव्हरेज तेच, पिकअप तेच, आणि एका सकाळी डॅशबोर्डवर तो पिवळा चेक इंजिनचा दिवा लागतो. अमेरिकेत जुनी गाडी वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हे भोगलंय. ब्लूटूथवाला स्वस्तातला स्कॅनर लावला की कोड येतो पी०४५५, नाहीतर पी०४४२, नाहीतर माझ्यासारखं नशीब असेल तर पी०४५६, आणि इंटरनेटवर सगळे एकसुरात सांगतात की पेट्रोलचं झाकण बदला. मीपण बदललं. नऊ दिवसांनी दिवा परत हजर.

त्यानंतर दोन महिने मी एका भोकाच्या मागे लागलो होतो, आणि त्या नादात इव्हॅपची, म्हणजे टाकीतल्या पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेची, ही सगळी भानगड काय आहे ते नीट समजलं, म्हणून लिहितोय. इकडे पेट्रोलला गॅस म्हणतात पण मी पेट्रोलच म्हणणार, नाहीतर आमच्या आईला वाटतं की आमची गाडी सिलिंडरवर चालते.

तर मुळात पेट्रोल ही उडून जाणारी वस्तू. गाडी बंद असली, नुसती उन्हात उभी असली तरी टाकीतलं पेट्रोल तापतं आणि त्याची वाफ होत राहते. पूर्वीच्या गाड्यांना याचं काही सोयरसुतक नव्हतं, टाकीला हवा खेळायला वाट ठेवलेली असायची आणि वाफ सरळ बाहेर जायची. ही वाफ म्हणजे हायड्रोकार्बन, आणि ती धुराड्यातून येणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडबरोबर उन्हात शिजली की जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, तेच ते डोळे चुरचुरवणारं धुरकं. लॉस एंजेलिसमध्ये १९४०-५० च्या दशकात लोक या धुरक्याने हैराण झाले होते आणि नेमकं कारण कोणालाच सापडत नव्हतं. ते शोधलं कॅलटेक या तिथल्या विद्यापीठाच्या आरी हागेन-स्मिट यांनी, आणि गंमत म्हणजे हा माणूस त्याआधी अननसाला चव आणि वास कशामुळे येतो याचा अभ्यास करत होता. वासांची रसायनं वेगळी काढायची सवय होती, तीच हवेवर वापरली. पुढे कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून टाकीची वाफ अडवायची सक्ती केली आणि १९७१ पासून ती देशभर आली. डिझेलच्या गाड्यांना हे काही लागत नाही, कारण डिझेल त्या मानाने फारच कमी उडतं.

आता वाफ अडवायची म्हणजे नुसतं झाकण घट्ट लावून भागत नाही, टाकी फुगेल. म्हणून वाफ एका डब्यात नेतात, त्याला कॅनिस्टर म्हणतात, साधारण एक-दोन बाटल्यांएवढा काळा प्लास्टिकचा डबा, आत कोळशाच्या बारीक गोळ्या भरलेल्या. हा कोळसा साधा नाही, ॲक्टिव्हेटेड, म्हणजे त्याला आतून इतकी सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग मोजला तर हजार चौरस मीटरच्या घरात जातो. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे चिमूटभर कोळशात सात-आठ मैदानं. पेट्रोलची वाफ त्या पृष्ठभागाला चिकटून बसते आणि फक्त हवा बाहेर जाते.

पण डबा कधीतरी भरणारच ना, तो रिकामा कोण करणार? इंजिन करतं. कॅनिस्टरपासून एक पाईप पुढे इंजिनच्या इनटेकला, म्हणजे इंजिन जिथून हवा आत घेतं तिथे, जातो आणि वाटेत एक व्हॉल्व्ह असतो, पर्ज व्हॉल्व्ह. गाडी चालू असताना कॉम्प्युटर तो टकटक टकटक उघडत राहतो, इंजिन स्वतःच्या ओढीने कॅनिस्टरमधली वाफ खेचतं आणि जाळून टाकतं. वाफेच्या जागी ताजी हवा यायला कॅनिस्टरच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक व्हॉल्व्ह, तो व्हेंट व्हॉल्व्ह, बहुतेक वेळा मागे टाकीजवळ. हे दोन व्हॉल्व्ह डोक्यात पक्के बसवा कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे: करंट नसताना पुढचा पर्ज बंद असतो आणि मागचा व्हेंट उघडा असतो. दोन्ही बंद केले की टाकी, झाकण, भरायचा पाईप, कॅनिस्टर आणि मधले सगळे होज, म्हणजे रबरी नळ्या, मिळून एक बंद भांडं झालं. आणि भांडं बंद असेल तरच ते गळतंय का ते तपासता येतं.

हे तपासायचं काम १९९६ पासून इथे गाडीच्या कॉम्प्युटरवरच टाकलंय. सुरुवातीला नियम होता १ मिलिमीटरच्या भोकाचा, म्हणजे तेवढं किंवा मोठं भोक असेल तर दिवा लागलाच पाहिजे. मग कॅलिफोर्नियाने २००० च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने तो अर्ध्या मिलिमीटरवर आणला. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, तर पोरांच्या मायक्रोटिप पेन्सिलीत ते ०.५ चं लेड असतं ना, तेवढं. अख्ख्या टाकीत, झाकणात, सात-आठ फूट पाईपात कुठेतरी त्या लेडएवढं भोक, आणि गाडीने ते ओळखायचं. कोडची भाषापण हीच आहे, पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे लहान, साधारण एक मिलिमीटरवाली, आणि पी०४५६ म्हणजे अगदी बारीक, अर्ध्यावाली. कोड फक्त भोकाचा आकार सांगतो, जागा सांगत नाही. हे वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर झाकणाचे पैसे वाचले असते.

कॉम्प्युटर ओळखतो कसा, याच्या कंपनीगणिक तऱ्हा वेगळ्या. काही गाड्या चालू इंजिनचीच ओढ वापरतात, व्हेंट बंद करायचा, पर्ज उघडून टाकीत थोडा व्हॅक्यूम करायचा, मग पर्जही बंद आणि टाकीवरचा प्रेशर सेन्सर बघत बसतो की व्हॅक्यूम टिकतो का उतरतो. दुसरी तऱ्हा मला फार आवडते कारण त्यात काहीच खर्च नाही. गाडी फिरून आली की टाकी कोमट असते, बंद केल्यावर हळूहळू गार होते, भांडं बंद असेल तर गार होताना आत आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. गरम पाण्याने विसळलेली प्लास्टिकची बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवलीत तर चेपते की नाही, तसंच. व्हॅक्यूम झालाच नाही तर कुठूनतरी हवा आत येतेय.

तिसरी तऱ्हा बऱ्याच टोयोटात असते. गाडी बंद केल्यावर साधारण पाच तासांनी, म्हणजे तुम्ही झोपलेले असताना, मागे कॅनिस्टरजवळ एक छोटा पंप स्वतःहून चालू होतो. आमच्या शेजारच्या काकूंना रात्री पार्किंगमध्ये उभ्या गाडीतून घूंऽऽ ऐकू आलं तेव्हा त्या घाबरल्या होत्या. तो पंप आधी स्वतःजवळच्या मापाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून हवा ओढून बघतो की एवढं भोक असताना किती व्हॅक्यूम येतो, तो आकडा लक्षात ठेवतो, आणि मग टाकीतून ओढतो. टाकीत त्यापेक्षा जास्त व्हॅक्यूम आला तर ठीक, नाहीच आला तर टाकीचं भोक त्या मापाच्या भोकाहून मोठं. किती साधी युक्ती आहे बघा, स्वतःच्या खिशात वजन ठेवून तराजू तपासणारा दुकानदार.

या तपासणीला अटी मात्र खूप. टाकी फार भरलेली नको आणि फार रिकामीपण नको, ढोबळमानाने १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे, गाडी रात्रभर थंड झालेली हवी, बाहेर कडाक्याची थंडी किंवा उन्हाळा नको. आणि एकदा नापास झालं की लगेच दिवा लागत नाही, सहसा लागोपाठ दुसऱ्या वेळी नापास झाल्यावर लागतो, जातानाही तीन वेळा पास झाल्याशिवाय जात नाही. म्हणून झाकण घट्ट केल्यावर लगेच दिवा का गेला नाही म्हणून वैतागू नका, आठवडा सहज जातो. माझा दिवा नऊ दिवसांनी परत आला त्याचंही कारण हेच, मी कोड पुसला होता आणि गाडीला परत दोन परीक्षा घ्यायला तेवढे दिवस लागले. भोक तर तिथेच होतं.

आता शोधायचं कसं. झाकण आधी बघा हा सल्ला चुकीचा नाही, फक्त बघा आणि बदला यात फरक आहे. झाकणाची रबरी रिंग बोटाने फिरवून बघायची, चीर आहे का, कडक झालीय का, आणि झाकण बसतं त्या पाईपच्या कडेला गंज किंवा ओरखडा आहे का, कारण कडच खराब असेल तर नवं झाकण काय करणार. कुकरची रिंग नवी आणली पण भांड्याचा काठच चेपलाय, मग शिट्टी कशी होईल.

मग दोन्ही व्हॉल्व्ह, हे घरी जमतं. इंजिन आयडलवर ठेवून पर्ज व्हॉल्व्हचा कॅनिस्टरकडून येणारा होज काढायचा आणि तिथे अंगठा लावायचा. नुकतंच थंड इंजिन चालू केलं असेल तर ओढ जाणवायला नको, सतत ओढ लागत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. याची आणखी एक खूण म्हणजे पेट्रोल भरल्या भरल्या गाडी स्टार्ट व्हायला कां कूं करते, कारण नको तेव्हा वाफ इंजिनात घुसते. उलट पंपावर नोझल सारखं खट्‌ खट्‌ बंद पडत असेल, पेट्रोल जातच नसेल, तर संशय मागच्या व्हेंटवर किंवा कॅनिस्टरवर घ्यायचा, टाकीतली हवा बाहेर पडायला वाट नाहीये. व्हेंटच्या तोंडाशी धूळ, चिखल आणि चक्क कोळी. २०११ मध्ये माझदाने अमेरिकेत माझदा ६ गाड्या परत बोलावल्या होत्या कारण एका जातीचे पिवळे कोळी त्या व्हेंटच्या नळीत जाळी विणत होते, आणि नळी बुजली की टाकीत व्हॅक्यूम वाढून टाकीला तडा जायची भीती होती.

कॅनिस्टरचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र आपणच. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं असतं, पण आपल्याला गावाकडची सवय, राऊंड फिगर करायची, आणखी दोनदा दाबायचं. वरपर्यंत भरलेल्या टाकीतून मग वाफेऐवजी पातळ पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये जातं, कोळसा भिजतो, त्याचे कण सुटतात आणि पाईपातून पुढे पर्ज व्हॉल्व्हपर्यंत जाऊन त्याच्यात अडकतात. काढलेला पर्ज व्हॉल्व्ह टिशूवर आपटला आणि काळी भुकटी पडली तर नुसता व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही, नव्याचंही तेच होणार.

हे सगळं ठीक असूनही कोड येत असेल तर मग धूर. स्मोक टेस्ट. माझे सासरे, बाबा, तेव्हा कोल्हापूरहून आमच्याकडे आले होते. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस. मी त्यांना सांगितलं की एका गॅरेजने गाडी वर न उचलताच पर्ज व्हॉल्व्ह आणि कॅनिस्टर दोन्ही बदलायचे सातशे डॉलर सांगितलेत, तर ते म्हणाले, "जावईबापू, गळतंय कुठनं ते त्यांनी बघितलं का?" नाही बघितलं. "मग सातशे कशाचे?" त्यांच्याकडे एसटीच्या ब्रेकची हवा कमी व्हायला लागली की जॉइंटजॉइंटला साबणाचं पाणी लावायचे, बुडबुडा आला की तिथे पाना. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तेच हे. गाडीची टाकी काही पाण्यात बुडवता येत नाही, आणि साबणाचं पाणी हात पोचेल तिथेच लागतं, म्हणून आत धूर भरायचा आणि तो कुठून निघतो ते बघायचं.

मी स्मोक मशीनवाला एक छोटा मेकॅनिक शोधला, तासाचे १२० डॉलर, आणि त्याने आम्हा दोघांना बाजूला उभं राहू दिलं. मशीन म्हणजे काय, आत खनिज तेल तापवून त्याचा दाट पांढरा धूर करतात आणि अगदी हलक्या दाबाने ढकलतात. दाब किती, तर पाण्याचा स्तंभ १३ इंच वर चढेल एवढाच, म्हणजे अर्धा पीएसआयसुद्धा नाही. टायरमध्ये आपण ३२ भरतो. हा आकडा मुद्दाम सांगतोय कारण घरी कॉम्प्रेसर लावून बघू असं ज्याला वाटेल त्याने वाटून घेऊ नये, टाकीची आणि प्रेशर सेन्सरची वाट लागेल. शिवाय टाकीत पेट्रोलची वाफ आहे, तिच्यात हवा ढकलायची म्हणजे आगीशी खेळ, म्हणून शहाणे मेकॅनिक हवेऐवजी नायट्रोजन वापरतात. रंगाच्या डब्यात ग्लो प्लग, म्हणजे डिझेल इंजिनातला तापणारा प्लग, घालून घरगुती स्मोक मशीन करायचे व्हिडिओ खूप आहेत, इनटेकचा लीक शोधायला कोणी वापरत असेल तर वापरो, टाकीला नाही.

त्याने बॉनेटखालून, पर्जकडच्या पाईपातून धूर सोडला. व्हेंट आधी उघडाच ठेवला, मागून धूर यायला लागला तेव्हा म्हणाला आता सगळीकडे भरलाय, आणि मग स्कॅनरवरून व्हेंट बंद केला. हा क्रम महत्त्वाचा, आधीच बंद केला तर आतली साधी हवा अडकते आणि टोकाच्या भोकातून धुराऐवजी हवाच येत राहते, दिसणार काय कपाळ. मशीनवर एक उभी काचेची नळी असते आणि तिच्यात एक छोटी गोळी तरंगते, धूर जितका आत जातोय तितकी ती वर. भांडं घट्ट असेल तर भरल्यावर गोळी तळाला बसते. आमची गोळी खाली आली, पण पूर्ण बसली नाही. तळापासून इंचभर वर थरथरत राहिली.

त्याने पंखा बंद केला, शटर ओढलं, हातात टॉर्च घेतला. झाकणापाशी काही नाही. टाकीच्या वरचा फ्युएल पंपाचा रबरी सील, तिथे काही नाही. सात-आठ मिनिटं गेली, मला वाटायला लागलं की हेही पैसे गेले. आणि मग बाबांनी मागच्या चाकाकडे बोट केलं. चाकाच्या वरच्या प्लास्टिकच्या आडोशामागून, विझत आलेल्या उदबत्तीची असते तशी एक रेघ वर चढत होती. टॉर्च सरळ मारला की दिसेना, तिरका धरला की दिसायची. आणि धूर जिथे दिसतो तिथेच भोक असतं असंही नाही, तो आडोशामागून सरकत सरकत वाट मिळेल तिथून निघतो, म्हणून त्याने आधी ते प्लास्टिक काढलं.

आत पेट्रोल भरायचा लोखंडी पाईप. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चाकाने उडतं, चिखलाबरोबर त्या आडोशामागे साठतं, आणि पाईप जिथे क्लॅम्पने बॉडीला धरलाय तिथे वर्षानुवर्षं ओलं राहतं. बरोबर तिथे गंजाच्या खपलीमधून धूर येत होता. भोक डोळ्यांना दिसतच नव्हतं, फक्त धूर दिसत होता.

मी लगेच विचारलं की वरून एपॉक्सी लावून भागेल का. तो हसला आणि नाही म्हणाला. पाईप काढल्यावर बाबांनी तो बाहेर उजेडात नेऊन स्क्रू ड्रायव्हरने खरवडला, तर त्याच पट्ट्यात आणखी दोन भोकं निघाली, खपलीने बुजलेली, जी धुरात दिसलीच नव्हती. एपॉक्सी लावलं असतं तर पुढच्या हिवाळ्यात परत तेच. नवा पाईप आणि मजुरी मिळून २८० डॉलर. पर्ज व्हॉल्व्ह आणि कॅनिस्टर जुनेच आहेत, त्यांना काही झालेलं नव्हतं.

मशीन परत लावलं तेव्हा गोळी तळाला जाऊन बसली, टक्‌कन आवाज येईल असं वाटलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती पण मला इन्स्पेक्शनची तारीख जवळ आलेली. न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते आणि चेक इंजिनचा दिवा चालू असेल तर सरळ नापास. कोड पुसला की दिवा जातो, पण त्याबरोबर गाडीच्या सगळ्या अंतर्गत परीक्षांचे निकालही पुसले जातात, आणि इन्स्पेक्शनवाले तेही बघतात. २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांना एक परीक्षा बाकी असलेली चालते, आणि सगळ्यात शेवटी होणारी परीक्षा बहुतेक वेळा इव्हॅपचीच असते, त्यामुळे पुष्कळ लोक भोकासकट पास होऊन येतात आणि पुढच्या आठवड्यात दिवा परत लागतो. मला ते नको होतं, एवढं केल्यावर तर नकोच.

पाच दिवस गाडी चालवली तरी स्कॅनरवर इव्हॅपसमोर अपूर्णच. सहाव्या दिवशी ट्यूब पेटली, पाईप बसवल्याच्या आनंदात मी टाकी फुल्ल केली होती आणि ऑफिस चार मैलांवर, काटा अजून ८५ टक्क्यांच्या खाली आलाच नव्हता. मग बाबांना घेऊन केप मे पर्यंत समुद्र बघायला गेलो, येताना काटा अर्ध्याच्या जरा वर. गाडी रात्रभर बाहेर उभी ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू करून वीस मिनिटं फिरवली, बंद केली, संध्याकाळपर्यंत हात लावला नाही. संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन बाबाच म्हणाले, बघा तुमच्या फोनात काय म्हणतंय ते. इव्हॅपसमोर हिरवी टिक होती.